मामकची खाणावळ: क्वालालंपूर-पेनांगमध्ये केव्हा जावं, काय मागवावं

मलेशियात दिवसाच्या कुठल्याही प्रहरी, खिशाला झेपेल अशा पैशांत गरमागरम खायचं असेल, तर मामकच्या खाणावळीइतकी भरवशाची जागा दुसरी नाही. तमिळ मुस्लिम कुटुंबांनी चालवलेल्या या खाणावळी क्वालालंपूरच्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहेत. तीन बाजूंनी उघडा हॉल, स्टीलची टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, वर गरगरणारे पंखे आणि भिंतीवर फुटबॉलचा सामना लावलेला मोठा पडदा, असा सगळा थाट. मलय, चिनी, भारतीय असे सगळेच इथे शेजारी-शेजारी बसून खातात. ऑफिसला जाणारे सकाळी येतात, कॉलेजची मुलं मध्यरात्री येतात, आणि बऱ्याच खाणावळी चोवीस तास उघड्या असतात.

तरीही पहिल्यांदा जाणारे कितीतरी लोक निराश होऊन परततात. रोटी वातड होती, मासा कोरडा पडला होता, चहा म्हणजे पाक होता, आणि बिल अपेक्षेच्या दुप्पट आलं. या तक्रारी बहुतेक वेळा खऱ्या असतात. पण त्यामागचं कारण एकच: चुकीच्या वेळी चुकीची गोष्ट मागवली. मामक हे एक स्वयंपाकघर नाही. एकाच छपराखाली चार-पाच वेगवेगळे ठेले असतात. पुढच्या बाजूला रोटीचा लोखंडी तवा, त्याच्याशेजारी चहा-सरबताचा ओटा, आत काचेच्या कपाटात मांडलेली भात-कालवणं, मागे नूडल्स परतायची कढई, आणि मोठ्या जागांमध्ये एक तंदूर. यातल्या प्रत्येकाची वेळ वेगळी. मेन्यूकार्डावर सगळे पदार्थ एकत्र छापलेले असतात, त्यामुळे ते कुठल्याही वेळी सारखेच चांगले मिळतील असं वाटतं. तसं होत नाही.

सुरुवात रोती चनायपासून करू, कारण एखादं मामक चांगलं की नाही हे तिच्यावरून लगेच कळतं. दिसायला ती आपल्याला ठाऊक असलेल्या मलबारी परोट्याची बहीण, पण अधिक पातळ, अधिक हवेशीर. मैदा, पाणी, मीठ, थोडी साखर आणि तूप किंवा मार्गारीन; काही ठिकाणी अंडं किंवा गोड घट्ट दूधही घालतात. मळलेल्या कणकेचे गोळे करून ते तेलात किंवा मार्गारीनमध्ये घोळवतात आणि कित्येक तास, बहुधा रात्रभर, मुरत ठेवतात. सगळी खरी मेहनत या मुरण्यात आहे. मुरलेला गोळा तेल लावलेल्या ओट्यावर हाताने थापून, मग उचलून हवेत फिरवून आपटला की तो इतका पातळ होतो की खालचा ओटा आरपार दिसतो. मग कडा आत घेऊन चौकोनी घडी, घडीत हवा अडकलेली, आणि थेट तव्यावर. दोन्ही बाजूंना तांबूस डाग आले की रोतीवाला ती खाली काढतो आणि दोन्ही तळहातांच्या मध्ये धरून टाळी वाजवल्यासारखी दाबतो. त्या दाबण्याने पदर सुटतात. ही शेवटची पायरी गर्दीच्या वेळी हमखास गाळली जाते, आणि मग ताटात येते ती सपाट, जड चकती.

रोती बिघडण्याची कारणं ठरलेली आहेत. गोळा पुरेसा मुरला नसेल तर ताणताना फाटतो, मग रोतीवाला तो जाडच ठेवतो आणि मध्यभाग कच्चा राहतो. तवा पुरेसा तापला नसेल तर रोती तेल पिते. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट भाजून रचून ठेवलेली चळत. खुर्ची ओढण्याआधी तव्याच्या कडेला नजर टाका. तिथे फिकट पांढऱ्या रोट्यांचा ढीग दिसला तर तुमची रोती त्यातूनच गरम करून येणार, आणि अशी रोती पाच मिनिटांत चामड्यासारखी होते. समोर गोळा ताणला जात असेल तर निर्धास्त बसा. मागवताना ‘गारिंग’ हा शब्द जोडा, म्हणजे कुरकुरीत भाजून देतात. ‘बोस, रोती कोसोंग दुआ, गारिंग’ एवढं म्हटलं की दोन साध्या रोत्या कुरकुरीत येतील. बोस हे संबोधन दोन्हीकडून चालतं. वेटरही तुम्हाला बोसच म्हणेल.

वेळेचं म्हणाल तर रोतीसाठी सकाळी सात ते साडेदहा ही उत्तम वेळ. रात्रभर मुरलेले गोळे, सतत तापलेला तवा आणि भरपूर मागणी, त्यामुळे रोती पडून राहत नाही. दुपारी बारा ते चार या वेळात पुष्कळ ठिकाणी रोतीचा तवा बंद असतो किंवा नवशिक्या पोऱ्याच्या हवाली असतो, कारण जुने हात भाताच्या ओळीवर गेलेले असतात. रात्री आठनंतर तवा पुन्हा जोरात चालू होतो.

रोतीचे प्रकार खूप, पण सगळे मागवण्याच्या लायकीचे नाहीत. कोसोंग म्हणजे साधी, हिलाच पहिलं प्राधान्य. तेलुर म्हणजे आत अंडं, बावांग म्हणजे कांदा; दोन्ही एकत्र असलेली तेलुर बावांग हा पोटभर नाश्ता आहे, पण अंड्याच्या ओलाव्याने पदर चिकटतात, तेव्हा कुरकुरीतपणाची अपेक्षा ठेवू नका. रोती बोम म्हणजे गुंडाळी करून भाजलेली जाड, लहान, गोड रोती. रोती तीसू म्हणजे कागदासारखी पातळ, साखर आणि गोड दूध शिंपडून उंच शंकूसारखी उभी केलेली. मुलांना ती फार आवडते. ती सगळ्यात शेवटी मागवा आणि आली की लगेच मोडा, दमट हवेत काही मिनिटांत मऊ पडते. रोती बांजिर म्हणजे तुकडे करून कालवणात बुडवलेली रोती. चव चांगली, पण ज्या जागेची रोती खुसखुशीत आहे तिथे ती बुडवून घेणं म्हणजे रोतीवाल्याच्या कष्टांवर पाणी ओतणं. कालवण वाटीत वेगळं हवं असेल तर ‘कुआह आसिंग’ म्हणा.

रोतीबरोबर दोन-तीन कालवणं येतात: पातळसर डाळ, माशाचं किंवा कोंबडीचं कालवण, आणि चमचाभर सांबल, म्हणजे मिरचीची चटणी. माशाचं कालवण चिंचेने आंबट, कढीपत्ता आणि मेथीदाण्यांच्या फोडणीचं असतं, त्यात अनेकदा भेंडी आणि वांगं घातलेलं. मासे खाणाऱ्यांनी डाळीवर समाधान मानू नये. निम्मी डाळ, निम्मं माशाचं कालवण असं एकत्र करून खाणं हाच तिथला जुना रिवाज. सांबल गोडसर तिखट असतो.

आता चहा. तेह तारिक म्हणजे भुकटी चहाच्या (डस्ट टी) कडक काढ्यात गोड घट्ट दूध घालून, दोन मगांमध्ये हातभर उंचीवरून ओतून ओतून फेसाळलेला चहा. या ओतण्याला नुसता देखावा समजू नका. घट्ट दूध तळाशी बसतं, ते ओतण्याने एकजीव होतं. चहा पिण्याजोगा कोमट होतो. आणि वर बोटभर फेस चढतो. चांगल्या तेह तारिकचा फेस निम्मा ग्लास संपेपर्यंत टिकतो. साबणाच्या बुडबुड्यांसारखे मोठे बुडबुडे असतील आणि ते टेबलावर येईपर्यंत विरले असतील तर एक-दोनदाच ओतून दिलाय असं समजा. चहा कडवट लागला तर काढा तासन्‌तास चुलीवर राहिलेला असतो, आणि तो कडवटपणा झाकायला दूध जास्त घातलेलं असतं.

आपल्याकडच्या माणसाला हा चहा पहिल्या घोटात फार गोड लागतो. सगळे सांगतात की ‘कुरांग मानिस’, म्हणजे कमी गोड, असं सांगा. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. तेह तारिकमध्ये दूध आणि साखर एकाच डब्यातून येतात, त्यामुळे गोडी कमी केली की दूधही कमी होतं आणि चहा काळपट, पातळ लागतो. दूध नीट हवं आणि साखर कमी हवी असेल तर ‘तेह सी’ मागवा. त्यात बिनसाखरेचं आटवलेलं दूध असतं आणि साखर वेगळी पडते. ‘तेह सी कोसोंग’ म्हटलं की साखर अजिबात नाही. ‘तेह ओ’ म्हणजे बिनदुधाचा पण साखरेचा, ‘तेह ओ कोसोंग’ म्हणजे दोन्ही नसलेला. मधुमेह असलेल्यांनी ही शेवटची दोन नावं गोंधळू नयेत. नुसतं ‘तेह ओ’ म्हटलं तर साखर येणारच. भर दुपारी ‘तेह ओ आइस लिमाऊ’, म्हणजे लिंबू पिळलेला थंड चहा, याच्यासारखं दुसरं काही नाही. तेह हालिया म्हणजे आल्याचा चहा, घसा बसला असेल तर जरूर घ्या. बांडुंग हे गुलाबाचं दूध-सरबत, रंगाला सुंदर, चवीला अतिगोड. मिलो आइस, म्हणजे थंड चॉकलेट-माल्टचं पेय, लहान मुलांसाठी. साधं पाणी हवं तर ‘आयेर कोसोंग’, कोमट हवं तर ‘आयेर सुआम’. बहुतेक ठिकाणी पाण्याच्या ग्लासाचेही काही सेन (तिथले पैसे) लावतात, त्यात फसवणूक काही नाही.

पण मामकचा खरा मानाचा पदार्थ म्हणजे नासी कंदर, भात आणि त्यावर कालवणं. तो पेनांग बेटाचा. तमिळ मुस्लिम फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन निघत, एका टोकाला भाताचं भांडं, दुसऱ्या टोकाला कालवणांची, आणि तिथल्या जॉर्ज टाउन शहराच्या धक्क्यावरच्या मजुरांना जेवू घालत. कावड गेली, भात आणि कालवणं राहिली. आज जॉर्ज टाउनमध्ये लेबुह कॅम्पबेलवरचं हमीदिया हे 1907 पासूनचं दुकान या प्रकारातलं सगळ्यात जुनं मानलं जातं. तिथली कापितान कोंबडी (कोंबडीचं एक कालवण) आणि मुर्तबाकही (खिमा भरलेली रोटी) प्रसिद्ध आहेत. पेनांग रोडला लागून असलेल्या गल्लीतलं लाइन क्लिअर हे तर उघड्यावरचंच. जालान गुरुद्वाराच्या दीन माजूसमोर जेवणाच्या वेळी लांबलचक रांग असते. क्वालालंपूरमध्ये पेलितासारख्या साखळ्यांच्या शाखा आहेत. पण फरक लक्षात ठेवा: राजधानीतलं मामक सगळंच थोडंथोडं करतं, पेनांगची दुकानं मुख्यतः भात आणि कालवणच करतात आणि तेच जीव ओतून करतात. भात-कालवण खायचं तर पेनांगमध्येच खावं, रोती आणि रात्रीच्या गप्पांसाठी क्वालालंपूर पुरेसं आहे.

रांगेत उभं राहिलात की आधी ठरवून ठेवा, कारण वाढणारा थांबत नाही. पहिला प्रश्न भाताचा: ‘नासी पुतिह’ म्हणजे साधा, किंवा बिर्याणीचा भात. साधाच घ्या. बिर्याणीच्या भाताला स्वतःचा मसाला असतो, तो कालवणांशी भांडतो. भात कमी हवा असेल तर ‘नासी सिकित’. मग मुख्य पदार्थ बोटाने दाखवायचा. कोंबडी तळलेली घ्या, हळद-मिरची-कढीपत्त्यात मुरवलेली, आणि परातीच्या तळाशी पडलेला कुरकुरीत मसाल्याचा चुराही वर घालायला सांगा. तो फुकट मिळतो आणि त्यानेच घासाला मजा येते. सोयासॉसमधली काळपट गोडसर कोंबडी मुलांना चालते. सोतोंग म्हणजे माकुल, उदांग म्हणजे कोळंबी, तेलुर इकान म्हणजे माशाची गाबोळी, केपाला इकान म्हणजे अख्खं माशाचं डोकं, जे दोघा-तिघांत वाटून खायचं. भाज्यांत भेंडी, कोबी, वांगं, कारलं. भेंडी नुसती उकडलेली असते. एकटी बेचव, पण तिखट कालवणाच्या बरोबरीने हवीच. शेवटी पापड.

मग तो प्रश्न येतो ज्यावर सगळं जेवण अवलंबून आहे: कुआह, म्हणजे रस्सा, कुठला? ‘चांपुर’ म्हटलं की वाढणारा चार-पाच भांड्यांतून एकेक पळी रस्सा भातावर ओततो, ‘बांजिर’ म्हटलं की भात बुडेपर्यंत ओततो. नासी कंदरची ओढ याच मिसळलेल्या रश्शाची आहे. कोंबडीच्या रश्शाचा दाटपणा, माशाच्या रश्शाची चिंच, सोयासॉसचा गोडवा, हे सगळं भाताच्या एका थरात मुरतं आणि एका रश्शातून कधीच न मिळणारी चव तयार होते. पहिल्या खेपेला ‘चांपुर’ घ्या, ‘बांजिर’ नको. फार ओतलं की तळलेली कोंबडी भिजून मऊ पडते. भात मोकळा आहे का हेही बघा. मोकळा भात रस्सा पितो. चिकट भातावर रस्सा नुसता तरंगतो आणि मग कितीही चांगलं कालवण असलं तरी घास वेगवेगळे लागतात.

इथेच आपल्याकडच्या वाचकांसाठी सगळ्यात महत्त्वाची सूचना. मिसळलेल्या रश्शात गोमांसाचा रस्सा असतो. ‘दागिंग’ म्हणजे गोमांस, आणि मामकच्या कपाटात त्याचं किमान एक भांडं असतंच. तुम्ही कोंबडीच घेतलीत तरी ‘चांपुर’ म्हटलंत की दागिंगच्या भांड्यातली पळीही पडते. ते चालत नसेल तर रश्शाचा प्रश्न येण्याआधीच ‘ताक माऊ कुआह दागिंग’, म्हणजे दागिंगचा रस्सा नको, असं स्पष्ट सांगा, किंवा ‘कुआह आयाम साजा’, म्हणजे फक्त कोंबडीचा. तरीही पळी एका भांड्यातून दुसऱ्यात जाते, हे ज्यांना चालणार नाही त्यांनी नासी कंदरच्या रांगेत उभंच राहू नये. ‘कांबिंग’ म्हणजे बकऱ्याचं किंवा मेंढीचं मटण. डुकराचं मांस आणि दारू मामकमध्ये कधीच नसते, आणि जागा हलाल असल्यामुळे बाहेरून आणलेलं खाणं टेबलावर उघडू नका.

शाकाहारी लोकांना खरं सांगायचं तर मामक अडचणीचं आहे. उपाशी राहावं लागत नाही, पण वरवर शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांत काय-काय लपलेलं असतं हे माहीत हवं. सांबलमध्ये बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गोळा, किंवा सुकवलेल्या बारीक मासळीचा वापर नेहमीचाच. कांगकुंगसारखी पालेभाजी कढईत परतताना बेलाचान किंवा ऑयस्टर सॉस पडतो. ‘दालचा’ नावाची घट्ट डाळ दिसली तर ती मटणाच्या हाडांवर शिजवलेली असू शकते. रोतीबरोबरची साधी पातळ डाळ वेगळी. विचारा: ‘आदा तुलांग?’, म्हणजे हाडं आहेत का. रोती कोसोंग, नुसती डाळ, सांबल नको, आणि एक तेह सी, एवढं बहुतेक ठिकाणी बिनधोक जमतं, पण रोतीच्या कणकेत अंडं असू शकतं हे ध्यानात ठेवा. तोंडी ‘शाकाहारी’ म्हणण्यापेक्षा काय नको ते एकेक सांगणं बरं: ताक माऊ दागिंग, आयाम, इकान, उदांग, तेलुर. काटेकोर शाकाहारी किंवा जैन मंडळींनी मात्र मामकचा हट्ट सोडून क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्समधल्या किंवा जॉर्ज टाउनच्या लिटल इंडियातल्या दक्षिण भारतीय शाकाहारी जागांमध्ये जावं. तिथे केळीच्या पानावर जेवण मिळतं आणि शंका उरत नाही.

भात-कालवणाच्या वेळेबद्दल एक गोष्ट थोडी उलटी आहे. सगळे म्हणतात ताजं खावं, सकाळी साडेअकराला जावं. मासे, माकुल, कोळंबी आणि तळलेल्या कोंबडीसाठी हे अगदी खरं. माकुल दोन तास गरम राहिली की रबर होते, मासा कोरडा पडतो. पण रस्से मात्र दिवसभर मंद आचेवर आटत राहतात आणि रात्री नऊ-दहाला ते सकाळपेक्षा कितीतरी दाट, गडद झालेले असतात. म्हणून दुपारी समुद्रातलं घ्या, रात्री मटण किंवा कोंबडीचं कालवण आणि भरपूर रस्सा घ्या. दुपारी चार ते सहा हा काळ मात्र दोन्हींसाठी वाईट. दुपारचं उरलेलं संपत आलेलं असतं आणि रात्रीचं अजून उतरलेलं नसतं.

कढईवरच्या पदार्थांबद्दल थोडक्यात. मी गोरेंग मामक म्हणजे पिवळ्या नूडल्स, बटाटा, टोफू, अंडं, मोड आलेले मूग, लाल तिखट आणि टोमॅटो सॉस, वर लिंबाची फोड. मॅगी गोरेंगही तशीच, आणि मध्यरात्री ती जास्त खपते. दोन्ही मोठ्या आचेवर एका वेळी एक-दोन पोर्शनच करायचे पदार्थ आहेत. गर्दीत पाच-सहा पोर्शन एकदम टाकले की कढई थंड पडते, नूडल्सना पाणी सुटतं आणि भाजल्याचा वास येतच नाही. म्हणून गर्दी ओसरल्यावर, रात्री अकरानंतर मागवा. मुर्तबाक ही खिम्याची भरलेली रोटी, सोबत लोणच्याचा गुलाबी कांदा. ती शनिवार-रविवारी जास्त ठिकाणी मिळते. तंदुरी कोंबडी आणि नान बहुतेक ठिकाणी संध्याकाळी पाच-सहानंतरच. भारतातून आलेल्या माणसाने तिथे जाऊन तंदुरी खाण्यात फार अर्थ नाही.

पैशांचं गणित. 2025 च्या आसपास रोती कोसोंग साधारण दीड ते दोन रिंगिट, अंड्याची अडीच ते तीन, तेह तारिक दोन ते पावणेतीन, मी गोरेंग सात ते नऊ. भात, तळलेली कोंबडी, एक भाजी आणि रस्सा मिळून दहा ते चौदा रिंगिट. एक रिंगिट म्हणजे ढोबळमानाने वीस रुपये धरले तर एकेक साधी रोती आणि चहा असा दोघांचा नाश्ता दोनशे रुपयांच्या आत होतो. पर्यटकांच्या रस्त्यांवर दर यापेक्षा चढे असतात. बिल फुगतं ते समुद्रातल्या पदार्थांनी. माकुल, मोठी कोळंबी, गाबोळी आणि माशाचं डोकं यांचे दर आकारावर ठरतात आणि ते ताटात पडल्यावर मग लिहिले जातात. बोट दाखवतानाच ‘इनी बेरापा?’, म्हणजे हे कितीला, असं विचारा. वाढणाऱ्याला याचं वाईट वाटत नाही, स्थानिक लोकही विचारतात. हा एक प्रश्न न विचारल्यामुळेच एका ताटाचं बिल तीस रिंगिटच्या वर गेल्याच्या तक्रारी होतात.

बिलाची पद्धत दोन तऱ्हेची. काही ठिकाणी ताट भरल्यावर ओळीच्या शेवटी बसलेला माणूस नजर टाकून चिठ्ठीवर आकडा लिहितो. ती चिठ्ठी ग्लासाखाली दाबून ठेवा, हरवली तर पुन्हा हिशेब करावा लागतो. इतर ठिकाणी जेवण झाल्यावर हात वर करून ‘बोस, कीरा!’ म्हणायचं; माणूस येतो, टेबलावरची ताटं-ग्लास मोजतो आणि आकडा सांगतो. म्हणून जेवण संपेपर्यंत ताटं उचलायला देऊ नका, निदान काय-काय घेतलं ते लक्षात ठेवा. पैसे गल्ल्यावर द्यायचे. रोख चालतेच, क्यूआर कोडही जवळजवळ सगळीकडे आहे, पण परदेशी कार्ड लहान जागांमध्ये चालेल याचा भरवसा नाही. वीस-तीस रिंगिट सुटे खिशात असू द्या. मोठ्या दुकानांत बिलावर 6 टक्के सेवाकर दिसतो, छोट्यांत नाही. टिप देण्याची प्रथा नाही.

स्वच्छतेच्या बाबतीत जागेजागेत बराच फरक आहे. नगरपालिका खाणावळींना अ, ब, क अशी श्रेणी देते. रोमन अक्षरात छापलेलं ते प्रमाणपत्र गल्ल्याजवळ लावलेलं असतं. ब श्रेणीतही चांगलं जेवण मिळतं, पण क दिसली तर पुढचं दुकान गाठा. त्याहून उपयोगी खूण म्हणजे हात धुवायची मोरी आणि काचेच्या कपाटाची पडदी. मोरी कोरडी, साबण भरलेला आणि कपाटाची काच पुसलेली असेल तर मागचं स्वयंपाकघरही बहुधा नीट असतं. चमचे-काटे गरम पाण्याच्या डब्यात उभे ठेवलेले असतात. पाणी खरोखर गरम आहे का ते बघा, नाहीतर सरळ हाताने जेवा, सगळे तसंच जेवतात. 1 जानेवारी 2019 पासून खाणावळीत आणि तिच्यापासून तीन मीटरपर्यंत धूम्रपानाला बंदी आहे, तेव्हा बाहेरच्या टेबलावरही धुराचा त्रास झाला तर सांगायला संकोच करू नका.

शुक्रवारी दुपारी एक ते अडीचच्या दरम्यान नमाजामुळे काही खाणावळी बंद असतात किंवा निम्म्या माणसांवर चालतात. रमजानमध्ये दिवसा काही मामक बंद असतात, आणि संध्याकाळी उपवास सुटताना जागा मिळणं मुश्कील. त्या महिन्यात रात्री साडेनऊनंतर जाणं सोयीचं.

1 डिसेंबर 2023 पासून भारतीय पर्यटकांना तीस दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं, त्यामुळे मुंबई-पुण्याकडून निघणाऱ्या गटांची गर्दी वाढली आहे. सहलीच्या गटांना बहुतेक जेवणं भारतीय बुफेत दिली जातात. शक्य असेल तर एका सकाळचा हॉटेलातला नाश्ता सोडा आणि सातच्या सुमारास जवळच्या मामकमध्ये जा. जॉर्ज टाउनमध्ये मुक्काम असेल तर जालान ट्रान्सफरवर रस्त्याच्या कडेला भरणारा रोती चनायचा ठेला आहे, तिथे रोती मांसाच्या कालवणात बुडवून देतात. दागिंग नको असेल तर कोंबडीचं मागा.

बांधून न्यायचं असेल तर ‘बुंगकुस’ म्हणा. नासी कंदर मेणकागदात गुंडाळून देतात, आणि बांधलेल्या पुडीत रस्सा भातात आणखी मुरतो, म्हणून पेनांगचे लोक मुद्दाम बांधून नेतात. पण पुडी तास-दीड तासात संपवा. नारळ आणि कोळंबी असलेले रस्से त्या उकाड्यात पटकन आंबतात. रोती मात्र बांधून नेऊ नका, वाफेने तिचे पदर पंधरा मिनिटांत एकमेकांना चिकटतात. कालवण पिशवीत गाठ मारून देतात, ती गाठ सोडवत बसण्यापेक्षा वाटीवर धरून खालचा कोपरा कात्रीने कापा.